कॉलेज फुटबॉलमधील परंपरागत लढतीपूर्वी दुखापतींची यादी कशी वाचावी

३० नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधील ओहायो स्टेट विद्यापीठाचा संघ कोलंबस येथील आपल्या मैदानावर परंपरागत प्रतिस्पर्धी मिशिगनविरुद्ध उतरला, तेव्हा त्याला साधारण वीस गुणांनी वरचढ मानले जात होते. मिशिगनचा नामांकित कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्यांवर पहारा ठेवणारा बचावपटू) विल जॉन्सन आणि प्रमुख टाइट एंड (समोरच्याला अडवणारा आणि पासही झेलणारा आक्रमक) कोल्स्टन लव्हलंड हे दोघेही दुखापतीमुळे खेळणार नव्हते, त्यामुळे नावांच्या वजनावर यादी मोजणाऱ्याला निकाल आधीच लागल्यासारखा वाटत होता. प्रत्यक्षात मिशिगनने तो सामना १३–१० असा जिंकला.

ओहायो स्टेटच्या यादीतील दोन नावे त्या मानाने कमी चर्चेत होती. लेफ्ट टॅकल (आक्रमणाच्या पुढच्या फळीतील डाव्या टोकाचा खेळाडू) जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये ओरेगनविरुद्धच्या सामन्यात गुडघा दुखावल्यामुळे हंगामाबाहेर गेला होता आणि सेंटर (त्याच फळीच्या मधोमध उभा राहून चेंडू मागे देणारा) सेथ मॅकलॉफ्लिन नोव्हेंबरमध्ये सराव करताना टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटल्यामुळे जायबंदी झाला होता. एरवी डाव्या गार्डच्या (सेंटर आणि टॅकल यांच्यामधल्या) जागी खेळणारा डोनोव्हन जॅक्सन टॅकलच्या जागी सरकला होता आणि सेंटरची जागा कार्सन हिन्झमनकडे आली होती. म्हणजे दुखापती दोन, पण त्यांच्यामुळे आक्रमणाच्या पाच जणांच्या फळीतील तीन जागांवर नवा माणूस उभा होता. समोर मिशिगनच्या बचावफळीच्या मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट ही देशातील अत्यंत बलवान जोडी होती, आणि ओहायो स्टेटने नेमक्या त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा धडक दिली. चेंडू घेऊन २६ वेळा धावून त्यांना केवळ ७७ यार्ड मिळाले.

परंपरागत प्रतिस्पर्ध्याशी होणाऱ्या लढतीचा दुखापतींच्या अंगाने विचार करायचा असेल, तर हे उदाहरण समोर ठेवून सुरुवात करावी असे मला वाटते. ‘कोण खेळणार नाही’ या प्रश्नापाशी बहुतेक चर्चा थांबते. त्यापुढचे तीन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत: त्याचे काम कोणाकडे गेले, त्या दुसऱ्याचे पूर्वीचे काम कोणाकडे गेले, आणि जिथे ही फळी विरळ झाली तिथेच समोरचा संघ बलवान आहे का. या तीन प्रश्नांची उत्तरे सामन्याच्या आठवड्यात कशी शोधावीत, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

माहिती कोठून घ्यावी आणि तिच्यावर किती विश्वास ठेवावा

व्यावसायिक एनएफएलमध्ये प्रत्येक संघाला दुखापतींचा अहवाल नियमाने जाहीर करावा लागतो. कॉलेज फुटबॉलमध्ये असा देशव्यापी नियम नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये खेळांवरील सट्ट्याची संघराज्य स्तरावरील बंदी रद्द केल्यानंतर कॉलेज खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएने अशा अहवालाचा विचार केला होता, पण पुढच्या वर्षी तो प्रस्ताव बाजूला ठेवण्यात आला. त्यामुळे ज्या काही व्यवस्था आहेत त्या कॉन्फरन्सनुसार (विद्यापीठ संघांच्या गटानुसार) वेगवेगळ्या आहेत, आणि आपला सामना कोणत्या व्यवस्थेखाली येतो हे पाहणे हीच पहिली पायरी ठरते.

बिग टेन या कॉन्फरन्सने २०२३ पासून सामन्याच्या दोन तास आधी उपलब्धतेचा अहवाल देण्याची पद्धत सुरू केली. एसईसीने २०२४ पासून अधिक सविस्तर पद्धत आणली. त्या पद्धतीनुसार शनिवारच्या सामन्यासाठी पहिला अहवाल बुधवारी येतो, त्यानंतर रोज तो अद्ययावत होतो आणि अखेरचा अहवाल सामन्याच्या ९० मिनिटे आधी प्रसिद्ध होतो. अहवालाचे पालन न करणाऱ्या संघाला पहिल्या चुकीसाठी २५,००० डॉलर दंड होतो आणि तो वाढत १,००,००० डॉलरपर्यंत जातो. एसीसीने २०२५ मध्ये याच वाटेने पाऊल टाकले.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. एसईसीचा नियम आला तो कॉन्फरन्समधील सामन्यांपुरता. अलाबामा–ऑबर्न किंवा ओल मिस–मिसिसिपी स्टेट या लढती त्यात बसतात, परंतु फ्लोरिडा–फ्लोरिडा स्टेट, जॉर्जिया–जॉर्जिया टेक, क्लेमसन–साउथ कॅरोलिना आणि केंटकी–लुईव्हिल या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात रंगणाऱ्या लढतींत दोन संघ दोन वेगळ्या कॉन्फरन्सचे असतात. अशा सामन्याआधी कोणता अहवाल येणार आहे आणि येणार आहे की नाही, हे त्या आठवड्याच्या आरंभीच पाहून ठेवावे, नाही तर बुधवारी शांतता दिसली म्हणून ‘सगळे तंदुरुस्त आहेत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

अहवालातील शब्दही काळजीपूर्वक वाचावेत. एसईसीच्या यादीत आठवडाभर ‘उपलब्ध’, ‘बहुधा खेळेल’, ‘शंकास्पद’, ‘बहुधा खेळणार नाही’ आणि ‘बाहेर’ अशा अर्थाच्या पायऱ्या असतात. सामन्याच्या दिवशी मात्र ‘उपलब्ध’, ‘ऐनवेळी निर्णय’ आणि ‘बाहेर’ एवढ्याच उरतात. एका दिवसाच्या नोंदीपेक्षा बुधवार ते शुक्रवार ती नोंद कोणत्या दिशेने सरकली हे अधिक बोलके असते. बुधवारी ‘शंकास्पद’ असलेला खेळाडू शुक्रवारीही ‘शंकास्पद’च असेल, तर मी त्याला सहसा अर्ध्या ताकदीचा धरतो, कारण सरावाचे महत्त्वाचे दिवस त्याच्याविना गेलेले असतात.

प्रशिक्षकाच्या पत्रकार परिषदेतून मिळणारी माहिती त्याहून कमी भरवशाची असते, आणि त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही. खेळाडू हे विद्यार्थी आहेत, त्यांच्या आरोग्याच्या माहितीला कायद्याचे संरक्षण आहे आणि प्रतिस्पर्ध्याला आयती माहिती देणे हे त्याचे काम नव्हे. त्याने नाव घेणे टाळले म्हणजे काही लपवले आहे असेही नाही. याच कारणासाठी माझा एक आग्रह आहे: माहितीसाठी खेळाडूला, त्याच्या घरच्यांना किंवा संघाच्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांना संदेश पाठवू नयेत. उपलब्धतेचे अहवाल सुरू होण्यामागे सट्ट्यासाठी आतली माहिती उकळू पाहणाऱ्यांपासून विद्यार्थ्यांना वाचवणे हेही एक कारण होते. एकोणीस-वीस वर्षांच्या जखमी मुलावर त्यात आणखी भार टाकण्याची गरज नाही.

दिवस मोजा

दुखापतीचे नाव कळले की कॅलेंडर हाती घ्यावे. शनिवारी दुखापत झाली आणि पुढचा सामना शनिवारी असेल तर हाती सात दिवस असतात. परंतु नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यातील काही लढती गुरुवारी किंवा शुक्रवारी होतात, आणि ते एक-दोन दिवस कमी होणे काही दुखापतींच्या बाबतीत निर्णायक ठरते.

डोक्याच्या दुखापतीचे उदाहरण घेऊ. कन्कशनची (मेंदूला बसलेल्या धक्क्याची) लक्षणे दिसल्यास खेळाडूला त्या दिवशी पुन्हा मैदानात येता येत नाही. नंतरचे पुनरागमन पायरीपायरीने होते. हलका व्यायाम, मग खेळाशी संबंधित हालचाली, मग धक्काधक्की नसलेला सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. साधारणपणे दिवसाला एकापेक्षा जास्त पायरी चढता येत नाही, आणि लक्षणे परतली तर मागे यावे लागते. हा हिशेब मांडला की सात दिवसांत परतणे अशक्य नसले तरी किती ओढाताणीचे आहे, हे कोणत्याही तज्ज्ञाविना समजते. मंगळवारपर्यंत खेळाडू मैदानावर धावताना दिसला नसेल, तर शनिवारी त्याच्याविना सामना होईल असेच धरून चालावे.

२०२२ च्या टेक्सस–ओक्लाहोमा लढतीत हे दोन्ही बाजूंनी दिसले. ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) डिलन गॅब्रियल १ ऑक्टोबरला टीसीयूविरुद्ध डोक्याला मार बसून बाहेर गेला. ८ ऑक्टोबरला डॅलसमधील कॉटन बाउल मैदानावर तो खेळू शकला नाही. ओक्लाहोमाला संपूर्ण सामन्यात पासद्वारे केवळ ३९ यार्ड मिळाले आणि संघ ४९–० असा हरला. पुढच्या शनिवारी गॅब्रियल परतला आणि ओक्लाहोमाने कॅन्ससला हरवले. टेक्ससच्या बाजूने नेमके उलटे घडले. त्यांचा क्वार्टरबॅक क्विन एव्हर्स १० सप्टेंबरला अलाबामाविरुद्ध गळपट्टीच्या हाडाच्या सांध्याला इजा होऊन बाहेर गेला होता, तो चार आठवड्यांनी याच लढतीत परतला आणि त्याने चार टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) दिले. दोन संघांमधले खरे अंतर ४९ गुणांचे नव्हते. त्या दिवसाच्या कॅलेंडरने ते तेवढे केले होते.

इतर दुखापतींबाबत काही ठोकताळे उपयोगी पडतात. गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध तुटला तर हंगाम संपतो आणि बहुधा पुढच्या हंगामाचा आरंभही हातचा जातो, त्यामुळे त्यावर तर्क करण्यात वेळ घालवू नये. गळपट्टीचे हाड मोडल्यास सहा ते आठ आठवडे सहज जातात. मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत सर्वांत फसवी असते, कारण खेळाडू सरळ रेषेत धावताना बरा दिसतो आणि अचानक वेग घेण्याच्या क्षणी स्नायू पुन्हा ताणतो. रिसीव्हर (पास झेलणारे) आणि कॉर्नरबॅक यांचे सारे काम त्याच क्षणावर अवलंबून असल्याने त्यांच्या बाबतीत ‘परतला’ ही बातमी ऐकून लगेच निश्चिंत होऊ नये. खांद्याच्या सांध्याच्या सौम्य दुखापतीत बऱ्याचदा प्रश्न वेदना सहन होण्याचा असतो, आणि तो खेळाडूच्या जागेनुसार बदलतो. फेकणाऱ्या हाताचा खांदा दुखावलेला क्वार्टरबॅक आणि तोच खांदा दुखावलेला सेफ्टी (सर्वांत मागे उभा राहणारा बचावपटू) यांची तुलना होऊ शकत नाही.

घोट्याच्या वरच्या भागातील मुरगळ हा प्रकार तर वेगळाच समजावा. पायाच्या दोन हाडांना जोडणारे अस्थिबंध त्यात ताणले जातात आणि साध्या मुरगळीपेक्षा ते बरे व्हायला कितीतरी अधिक वेळ घेतात. शस्त्रक्रियेने तो काळ कमी करता येतो. अलाबामाचा क्वार्टरबॅक तुआ टागोवायलोआ १९ ऑक्टोबर २०१९ रोजी टेनेसीविरुद्ध असा जखमी झाला, दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तीन आठवड्यांनी, ९ नोव्हेंबरला, तो एलएसयूविरुद्ध खेळला. त्याने ४१८ यार्डांचे पास दिले, तरी अलाबामा ४६–४१ असा हरला. अशा प्रकारे लवकर परतलेल्या खेळाडूकडे पाहताना त्याच्या पासचे यार्ड मोजण्यापेक्षा दबाव आल्यावर तो जागेवरून हलू शकतो का, हे पाहणे मला अधिक मोलाचे वाटते.

‘खेळणार आहे’ आणि ‘खेळू शकतो’ यांतील अंतर

यादीतून नाव निघाले म्हणजे माणूस पूर्ण बरा झाला, ही समजूत सोडून द्यावी. मिशिगनचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) ब्लेक कोरम १९ नोव्हेंबर २०२२ रोजी इलिनॉयविरुद्ध गुडघ्याला मार बसून जखमी झाला. पुढच्या आठवड्यात ओहायो स्टेटविरुद्ध तो गणवेशात होता, मैदानात उतरलाही, पण दोनदाच चेंडू घेऊन थांबला. त्याच्या जागी डोनोव्हन एडवर्ड्स धावला, ज्याच्या स्वतःच्या उजव्या हाताला प्लास्टर होते आणि जो त्याआधीचा सामना खेळूही शकला नव्हता. त्याने २१६ यार्ड काढले, चौथ्या क्वार्टरमध्ये ७५ आणि ८५ यार्डांचे दोन टचडाउन केले, आणि मिशिगनने ४५–२३ असा विजय मिळवला.

यातून ‘राखीव खेळाडूही तेवढाच चांगला असतो’ असा अर्थ काढू नये. इथे शिकण्यासारखे आहे ते दुखापत आणि काम यांचे नाते. रनिंग बॅकचे काम पाय करतात. हाताला प्लास्टर असताना त्याला पास झेलणे अवघड जाईल, चेंडू एकाच हातात धरावा लागेल, पण त्याचा वेग शाबूत राहतो. गुडघा दुखावला तर उलट होते. म्हणून प्रत्येक नावापुढे दुखापतीचा अवयव लिहावा आणि त्या जागेवर त्या अवयवाचे काम काय, हे एका ओळीत स्वतःच्या शब्दांत मांडावे. लाइनमनचा (पुढच्या फळीतील खेळाडूचा) मोडलेला अंगठा म्हणजे समोरच्याला पकडून ठेवण्याची ताकद गेली. रिसीव्हरच्या पायाच्या अंगठ्याचा सांधा दुखावला म्हणजे वळताना जोर देता येत नाही. दहा नावांसाठी दहा ओळी लिहिल्या की यादी जिवंत होते.

एका जागेवरचा माणूस गेला की कोण कोण हलते

क्वार्टरबॅकच्या दुखापतीकडे सगळ्यांचेच लक्ष जाते आणि ते योग्यही आहे. परंतु त्याचा परिणाम किती गुणांचा, हे ठरवताना राखीव क्वार्टरबॅककडून प्रशिक्षक काय काय करवून घेणार नाही, याचा विचार आधी करावा. लांब पास कमी होतात, पहिल्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी पहिल्या प्रयत्नात) धावण्याचे प्रमाण वाढते, आणि मग तिसऱ्या डाउनला सात-आठ यार्ड बाकी राहिले की बचाव करणाऱ्यांना काय येणार हे आधीच कळते.

२३ नोव्हेंबर २०१९ पासून अलाबामाचा भार मॅक जोन्सवर होता, कारण एक आठवड्याआधी मिसिसिपी स्टेटविरुद्ध टागोवायलोआचे खुब्याचे हाड निखळले होते. ३० नोव्हेंबरला ऑबर्नविरुद्ध जोन्सने ३३५ यार्ड आणि चार टचडाउन पास दिले. आकडे पाहून कोणीही त्याला उत्तम म्हटले असते. पण त्याचे दोन पास ऑबर्नने मध्येच पकडले आणि दोन्ही परत आणून टचडाउन केले, त्यांपैकी एक तर १०० यार्डांवरून. अलाबामा ४८–४५ असा हरला. राखीव क्वार्टरबॅक आला म्हणजे गुण कमी होतील, हा साधा अंदाज इथे चुकला, कारण संघाने ४५ गुण केले. चुकांचा आकार मात्र वाढला. दाट गर्दीच्या, कानठळ्या बसवणाऱ्या मैदानावर प्रथमच अशी लढत खेळणाऱ्या मुलाबाबत मी सरासरीपेक्षा या टोकाच्या शक्यता अधिक धरतो.

दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक बाहेर असतील तर त्या दोन बातम्या एकमेकींना छेद देतात का, हेही पाहावे. १८ नोव्हेंबर २०२३ या एकाच दिवशी फ्लोरिडा स्टेटचा जॉर्डन ट्रॅव्हिस पायाच्या आणि फ्लोरिडाचा ग्रॅहम मर्ट्झ गळपट्टीच्या हाडाच्या दुखापतीने बाहेर गेला. पुढच्या शनिवारी टेट रोडमेकर आणि मॅक्स ब्राउन हे राखीव समोरासमोर आले. फ्लोरिडा स्टेटने २४–१५ असा सामना जिंकला तो मुख्यत्वे बचाव आणि धावण्याच्या बळावर. अशा वेळी क्वार्टरबॅकांची तुलना बाजूला ठेवून, उरलेल्या संघात कोणाची बाजू भरीव आहे, एवढेच विचारावे.

आक्रमणाच्या फळीबद्दल वर सांगितलेच आहे, तरी एक मुद्दा जोडतो. सेंटर केवळ चेंडू मागे देत नाही. समोरच्या बचावाची मांडणी पाहून कोणी कोणाला अडवायचे हेही बहुतेक संघांत तोच पुकारतो. त्यामुळे नवा सेंटर आला की त्याच्या दोन्ही बाजूंचे गार्ड अर्धा क्षण उशिरा हलतात. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ लेफ्ट टॅकल राखतो, त्यामुळे तो बाहेर असेल तर एखादा टाइट एंड किंवा रनिंग बॅक त्याच्या मदतीला थांबवावा लागतो, आणि पास झेलायला जाणारा एक माणूस कमी होतो. यादीत हा टाइट एंड तंदुरुस्तच दिसतो, पण आक्रमणातून तो अर्धा वजा झालेला असतो.

बचावाच्या बाजूने लाइनबॅकरची (पुढच्या फळीच्या मागे उभ्या राहणाऱ्या बचावपटूची) दुखापत अशीच दूरवर पोहोचते. २०२४ पासून बचावातील एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येण्याची सोय आहे, आणि प्लेच्या घड्याळावर १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. हेल्मेटवर हिरवा ठिपका असलेला हा खेळाडू बहुधा मधला लाइनबॅकर किंवा सेफ्टी असतो. तो बाहेर गेला तर ठिपका दुसऱ्याच्या हेल्मेटवर येतो, पण आदेश ऐकून उरलेल्या दहा जणांना वेळेत हलवण्याची सवय हेल्मेटसोबत येत नाही. वेगाने खेळणाऱ्या संघाविरुद्ध ही उणीव लगेच उघडी पडते.

कॉर्नरबॅकची अनुपस्थिती मी थोडी वेगळ्या नजरेने पाहतो. तिचे महत्त्व पूर्णपणे समोरच्या रिसीव्हरवर आणि त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचवू शकणाऱ्या क्वार्टरबॅकवर ठरते. २०२४ मध्ये विल जॉन्सन नसतानाही मिशिगन टिकला, कारण ओहायो स्टेटने आपल्या रिसीव्हरांचा हवा तसा उपयोग केला नाही आणि धावण्याचा हट्ट धरला. किकर, पंटर आणि लाँग स्नॅपर या चेंडूला लाथ मारण्याच्या डावांतील खेळाडूंविषयी एवढेच सांगतो की त्यांची नावे यादीत असतील तर ती वगळू नयेत.

राखीव खेळाडूची पारख

कॉलेज संघांत माणसे पुष्कळ असतात. एनएफएल संघाच्या यादीत ५३ खेळाडू असतात, तर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या व्यवस्थेत कॉलेज संघाची कमाल मर्यादा १०५ आहे. परंतु संख्या मोठी असली तरी पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंत वयाचे आणि अनुभवाचे अंतर बरेच असते. बावीस वर्षांच्या मुलाच्या जागी अठरा वर्षांचा मुलगा येतो, आणि चार वर्षांची ताकद सरावाच्या एका आठवड्यात भरून निघत नाही.

राखीव खेळाडूबद्दल तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, त्याने या हंगामात किती खेळ केला आहे आणि तो सामन्याचा निकाल लागलेला नसताना केला आहे का. दुसरी, दुखापत कधी झाली. आठवड्याआधी झाली असेल तर त्याला पहिल्या फळीसोबत पूर्ण आठवडा सराव मिळतो. सामन्यातच झाली तर त्याला दुसऱ्यासाठी आखलेला डाव खेळावा लागतो. तिसरी, २०१८ पासून असलेला चार सामन्यांचा नियम. त्याप्रमाणे नवा खेळाडू चार सामन्यांपर्यंत खेळूनही आपल्या पात्रतेचे एक वर्ष राखून ठेवू शकतो, त्यामुळे हंगामाच्या अखेरीस एरवी न दिसलेले एखादे नाव अचानक मैदानात येते. त्याच्या खात्यात किती सामने शिल्लक आहेत, हे मोजून ठेवलेले बरे.

ओहायो स्टेटचा २०१४ चा हंगाम या संदर्भात नेहमी सांगितला जातो. ब्रॅक्स्टन मिलर हंगामापूर्वीच खांद्याच्या दुखापतीने बाहेर गेला. त्याच्या जागी आलेला जे. टी. बॅरेट मिशिगनविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये घोटा मोडून बाहेर गेला. तिसरा क्वार्टरबॅक कार्डेल जोन्स याने तो सामना संपवला, मग विस्कॉन्सिनला ५९–० आणि अंतिम सामन्यात ओरेगनला ४२–२० असे हरवले. ही कथा ऐकवून कोणी ‘राखीव खेळाडू चालून जातो’ असे म्हणू लागले, तर त्या संघाची बाकी फळी तेव्हा जवळपास अखंड होती आणि इझिकिएल इलियटसारखा रनिंग बॅक भरात होता, हे लक्षात आणून द्यावे. एका जागेची दुखापत भरीव संघ पेलू शकतो. एकाच फळीतील दोन-तीन जागा गेल्या तर ते अवघड होते. म्हणून यादीतील एकूण नावे मोजण्यापेक्षा ती एकाच गटात साचली आहेत का, हे पाहावे.

लढतीचे स्वरूप काय बदलते

परंपरागत लढतीत खेळाडू दुखणे अंगावर काढूनही खेळतात, असे मानले जाते आणि त्यात तथ्य आहे. परंतु डोक्याच्या दुखापतीबाबत किंवा मोडलेल्या हाडाबाबत इच्छाशक्तीचा हिशेब धरू नये. मोठ्या कॉन्फरन्समध्ये खेळाडूला परत पाठवायचे की नाही, हा निर्णय संघाच्या वैद्यकीय पथकाकडे असतो आणि प्रशिक्षकाला तो फिरवता येत नाही. ही व्यवस्था खेळाडूंच्या भल्याची आहे, आणि आपला लाडका खेळाडू बाजूला बसवला गेला तरी चाहत्यांनी तिची बाजू घ्यायला हवी.

लढतीनंतर काय आहे, हेही तपासावे. पुढच्या आठवड्यात कॉन्फरन्सचा अंतिम सामना असेल तर अर्धवट बऱ्या झालेल्या खेळाडूला जपण्याचा मोह होतो, आणि नसेल तर हाच हंगामाचा शेवट मानून त्याला उतरवले जाते. आर्मी–नेव्ही (लष्कर आणि नौदल अकादमींच्या संघांची) लढत डिसेंबरमध्ये स्वतंत्रपणे होते, त्यामुळे त्यांना बहुधा विश्रांती अधिक मिळते. पण २०२४ मध्ये आर्मीने ६ डिसेंबरला आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना खेळला आणि आठच दिवसांनी, १४ डिसेंबरला, ताजातवाना नेव्ही समोर आला. नेव्हीने ३१–१३ असा विजय मिळवला.

सामन्याच्या दिवशी

अखेरचा अहवाल आला की आधी लिहिलेल्या ओळींशी तो ताडून पाहावा. त्यानंतर मैदानावरील पूर्वतयारी पाहावी. राखीव फळीसोबत कोण उभा आहे, कोणाच्या गुडघ्याला नवा ब्रेस आहे, दुखावलेला क्वार्टरबॅक उजवीकडे धावत पास देतो की केवळ जागेवर उभा राहून, हे सारे दहा मिनिटांत दिसते. २०१७ मध्ये मिशिगनविरुद्ध मात्र ओहायो स्टेटच्या बॅरेटचा गुडघा सामना सुरू होण्यापूर्वी एका छायाचित्रकाराचा धक्का लागून दुखावला. तो तरीही खेळू लागला, पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये थांबला, आणि ड्वेन हॅस्किन्सने येऊन ओहायो स्टेटला ३१–२० असा विजय मिळवून दिला.

पहिल्या दोन चढायांत चेंडूकडे न पाहता आपण खूण केलेल्या जागेकडे पाहावे. टाइट एंड नव्या टॅकलच्या शेजारी थांबतो आहे का, समोरचा बचाव त्याच बाजूने ब्लिट्झ करतो आहे का (जादा माणसे धाडून क्वार्टरबॅकवर चालून जातो आहे का), ‘शंकास्पद’ नोंदीचा रिसीव्हर लांबचा मार्ग पूर्ण धावतो की मध्येच वेग कमी करतो. प्रतिस्पर्ध्याच्या प्रशिक्षकांनी तुमच्यासारखीच यादी आठवडाभर अभ्यासलेली असते, आणि त्यांना त्यात काय सापडले ते या पहिल्या दहा-पंधरा प्लेमध्ये कळते.

सामना चालू असताना कोणी जखमी झाला तर पुढच्या स्नॅपला (सेंटर चेंडू मागे देतो त्या वेळी) कोण कोठे उभे आहे, ते मोजावे. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी ओहायो स्टेटविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरमध्ये मिशिगनचा राइट गार्ड झॅक झिंटर याचा पाय मोडला आणि सारे मैदान स्तब्ध झाले. राइट टॅकल कार्सन बार्नहार्ट आत गार्डच्या जागी सरकला, बाहेर टॅकल म्हणून ट्रेंटे जोन्स आला, आणि त्या बदललेल्या फळीच्या पहिल्याच स्नॅपवर कोरमने २२ यार्ड धावत टचडाउन केला. मिशिगनने तो सामना ३०–२४ असा जिंकला. तिथे दोन जागा हलल्या होत्या, पण दोन्ही ठिकाणी आलेली माणसे अनुभवी होती आणि दोघांनाही आपले नवे काम ठाऊक होते.